काजळी नसलेल्या चुली

“आता सांगा, ही चूल रोज पेटते की नाही?”

वृंदाताईंनी विचारायचा अवकाश, माझ्या बालवाडीची सगळी पिलावळ पारूबाईच्या चुलीवर तुटून पडली. एकानं राखेत फुंकर मारून स्वतःचंच तोंड भरून घेतलं. एकीनं चुलीला गाल लावला आणि ओरडली, “गरम हाय!” यल्लूला मात्र घाई नव्हती. चार वर्षांची पोर, नाक कायम वाहतं, पण नजर अशी की धान्यात पडलेला तीळ वेचून काढावा. तिनं चुलीच्या तोंडात बोट घातलं, आतल्या अंगाला घासलं आणि सगळ्यांसमोर उभं धरलं.

“काळं. काजळी हाय. रोज पेटती.”

“शाब्बास! आणि ती कोपऱ्यातली दुसरी?”

यल्लूनं तिथंही बोट घातलं. ते जसं गेलं तसं बाहेर आलं. “हिला न्हाई काजळी. ही नुसतीच बसलीया.”

आम्ही सगळे हसलो. पारूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. “बघा की वो ताई,” ती म्हणाली, “ह्या कार्टीपासून काय लपत न्हाई.”

मला काय वाटलं सांगू? छाती फुगली माझी. खडीमशीन वस्तीतली पोरं ही. बाप दगड फोडणारे, आया दगड वाहणाऱ्या. ह्या पोरांना काय येणार म्हणून गावातल्या शाळेचे मास्तर नाक मुरडायचे. आणि इथं माझी पोरं एका बोटावर सांगत होती की कुठली चूल जागी आहे आणि कुठली झोपलेली.

हे सगळं मला शिकवलं वृंदाताईंनी. त्या शहरातल्या एका संस्थेत होत्या. मी वस्तीत सून म्हणून आले तेव्हा नववी नापास, तोंडानं फटकळ, दिवसभर आत्याबाईंशी, म्हणजे सासूशी, खडाजंगी. ताई बालवाडीसाठी बाई शोधत आल्या आणि माझं भांडण ऐकून म्हणाल्या, “हिचा आवाज चांगलाय, हिलाच घेऊ.” आत्याबाईंनी आकांत केला. ताई ओसरीत मांडी ठोकून बसल्या, दुपारभर उठल्या नाहीत. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, “न्या बाई, पण उठा आता.” असं मला त्यांनी घराबाहेर काढलं. मी त्यांच्यासाठी जीव टाकत होते, त्यात खोटं काही नाही.

पहिल्यांदा मी पोरांकडून नुसतं घोकून घ्यायची. ताईंनी ते बंद केलं. म्हणाल्या, “शालन, यांना चार भिंतीत कोंडू नकोस. वस्तीत फिरव. मुलाचं बोट जिकडे जाईल तिकडे तू जा. त्यानं जे पाहिलं ते बोलू दे. ‘असं बोलू नये’ हे वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही.” मग आमचं रोजचं फिरणं सुरू झालं. कुणाच्या दारात नवी शेळी आली, कुणाच्या पत्र्याला भोक पडलं, कुठल्या झाडाखाली मुंग्यांनी वाट बदलली. पोरं बघायची आणि बोलायची. आल्यागेल्या पाहुण्यालाही फिरवून सगळं दाखवायची. वस्तीतल्या बायकाही सरावल्या. चाळीस ठिकाणी तोंड खुपसणारी ही वरात आली की त्या चहाचं आधण बाजूला सारून वाट करून द्यायच्या.

त्या साली वस्तीतून मोठा रस्ता जायचा ठरलं होतं. घरं पाडणार आणि बदल्यात बायपासच्या पलीकडं इमारतीत खोल्या देणार. नियम असा होता की एका चुलीला एक खोली. घरात माणसं कितीही असोत, चूल एक तर खोली एक. आता आमच्याकडं आईबाप, दोन लेक, दोन सुना, त्यांची पोरं, सगळी एका चुलीवर जेवणारी. एवढी माणसं एका खोलीत मावणार कशी? मग घरोघरी दुसरी चूल बसली. बायकांनी माती आणली, चुली थापल्या, सारवल्या, हळदकुंकू वाहिलं. पेटवली मात्र कुणी नाही. आमच्यात एका घरात दुसरा विस्तव पेटला की घर फुटलं असं धरतात. भाऊ वेगळे झाले की मगच दुसरी चूल पेटते. खोलीसाठी खोटी चूल मांडायला बायका तयार होत्या, पण तिच्यात विस्तव घालून हातानं घर फोडायला एकही तयार नव्हती. आमच्याही घरी आत्याबाईंनी धाकट्या दिराच्या नावानं एक मांडली होती आणि तिच्यावर परात पालथी घातली होती.

नगरपालिकेची माणसं आली की बायका पोरांना आत घ्यायच्या. “तोंड उघडलंस तर बघ,” असा दम असायचा. पण वृंदाताई म्हणजे काय पालिकेची माणसं? त्यांनी ह्याच वस्तीत बाळंतिणींना दवाखान्यात नेलं होतं, दारुड्या नवऱ्यांच्या कानाखाली आवाज काढला होता. त्यांच्यापासून कुणी काय चोरायचं?

त्या दिवशी पारूबाईकडून आम्ही पुढं निघालो. घर आलं की पोरं आत घुसायची, यल्लू बोट घालायची आणि निकाल सांगायची. “हाय!” “न्हाई!” ताई खूश होऊन तिच्या डोक्यावरनं हात फिरवायच्या. शेवटी यल्लूचं स्वतःचं घर आलं.

यल्लूची आई रेणुका. माझ्या बालवाडीत खिचडी करायची. नवरा खाणीतल्या सुरुंगानं गेलेला. थोरल्या दिराच्या घरात मागच्या बाजूला एक अंधारा खण, तिथं ती आणि यल्लू. हिवाळ्यात जावेशी बिनसलं आणि दिरानं सांगितलं, तुझी चूल वेगळी कर. सगळ्या वस्तीत नव्या चुली झाल्या, त्यात खरी वेगळी झालेली ही एकच. आणि तिचीच चूल सगळ्यात कमी पेटायची, कारण मायलेकी दोघी बालवाडीच्या खिचडीवर दिवस काढायच्या. रात्री कधी दोन भाकऱ्या थापल्या तर थापल्या. त्यात रेणुका इतकी टापटिपीची की चूल विझली की पांढऱ्या मातीचा हात आतून-बाहेरून फिरवलाच म्हणून समजा.

“आमच्या चुलीला तर कायच काजळी न्हाई!” यल्लू दारातूनच ओरडली. पोरं आत घुसली, बोटं घातली, सगळ्यांची बोटं पांढरी.

“सगळ्यात स्वच्छ चूल कुणाची मग?” ताईंनी विचारलं.

“यल्लूची!”

“टाळ्या!”

पोरांनी टाळ्या पिटल्या. यल्लू लाजून आईच्या लुगड्यात घुसली. रेणुकाही लाजली. आयुष्यात तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या असतील असं वाटत नाही.

पुढं माझं घर होतं. ताईंनी डोक्यावर पदर ओढला आणि म्हणाल्या, “पुरे आता शालन, ऊन झालंय, मुलं दमली.” मी पोरांना घेऊन परत फिरले.

पुढच्या महिन्यात मारुतीच्या पारावर नावं पुकारायला साहेब आला. सगळी वस्ती जमली होती. साहेबानं कर्णा हातात घेऊन वाचायला सुरुवात केली आणि एकेक करून बायकांचे चेहरे उतरायला लागले. पारूबाईला एक खोली. तिच्या शेजारणीला एक. त्यापुढच्या घराला एक. जिथं जिथं दोन हव्या होत्या तिथं एकच.

“वो साहेब!” पारूबाई उठून उभी राहिली. “आमच्यात दोन चुली हाईत. तुमच्या माणसानं बघितल्यात!”

“एक वापरात नाही, बाई.”

“कोण म्हणतंय?”

“पडताळणी झालीय. दुसऱ्या चुलीला काजळी नाही.”

पालिकेची माणसं आली होती ती उंबऱ्याच्या बाहेरूनच चुली बघून, रेशनकार्ड बघून निघून गेली होती. त्यांच्यापैकी एकानंही चुलीत बोट घातलं नव्हतं.

“रेणुका धोत्रे,” साहेबानं वाचलं. “स्वतंत्र चूल वापरात नाही. दिराच्या कुटुंबात गणना. वेगळी खोली नाही.”

रेणुका माझ्या शेजारीच बसली होती. तिला आधी कळलंच नाही. तिनं मला हळूच विचारलं, “म्हंजे काय वो बाई?” दिरानं मात्र लगेच तोंड फिरवलं. आपल्या एका खोलीत तो हिला घेणार नाही, हे त्याच्या पाठीवरच लिहिलेलं होतं.

आणि मग साहेबानं आमचं नाव घेतलं. “हावळे. दोन चुली. दोन खोल्या.”

आत्याबाईंनी आनंदानं हात जोडले आणि जोडलेले हात तसेच राहिले, कारण सगळ्या पाराच्या माना आमच्याकडं वळल्या होत्या.

पारूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हाताखाली मी भाकरी थापायला शिकले होते. “खेळ व्हय गं तुझा?” ती म्हणाली. “आमची पोरं आमच्याच चुलीत बोटं घालून फिरवलीस. आन् तुझ्या दारात न्हाई ती वरात गेली?”

“पारूमावशी, माझ्या गळ्याची शपथ…”

“तुझा गळा तुझ्यापाशी ठेव.”

मी तशीच उठले आणि शहरात जाणाऱ्या एसटीत बसले. वाटेत मी स्वतःलाच समजावत होते. ताई असं करणार नाहीत. कुणीतरी त्यांच्याकडून काढून घेतलं असणार. त्यांना कळलं की त्या साहेबाच्या अंगावर धावून जातील, मला ठाऊक आहे ना त्यांचा स्वभाव.

संस्थेच्या कचेरीत ताई एकट्याच होत्या. मला बघून उठल्या, पंखा लावला, पाणी दिलं. “बस शालन. उन्हाची आलीस?”

“काजळीचं पालिकेला कुणी सांगितलं, ताई?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. “पडताळणीचं काम आमच्या संस्थेला मिळालंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून.”

“मला बोलला नाहीत.”

“बोलले असते तर मुलांना घेऊन फिरली असतीस माझ्याबरोबर?”

मी पेला खाली ठेवला. म्हणजे कुणी काढून घेतलं नव्हतं. ठरवून, हसत हसत, पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवत बाईनं हे केलं होतं.

“मी खोटं एक अक्षर सांगितलं नाही,” ताई म्हणाल्या. “लोकांनी खोट्या चुली मांडल्या हे तुलाही माहीत आहे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्या खोल्या त्यात गेल्या असत्या. मुलांनी जे पाहिलं तेवढंच मी सांगितलं.”

“पोरांनी तुम्हाला सांगितलं, ताई. पालिकेला नाही सांगितलं.”

“शालन, तू भावनेच्या भरात…”

“आणि रेणुकाची चूल? ती खरी होती! ती सारवते म्हणून पांढरी! तुम्हाला ठाऊक होतं ती वेगळी राहते. तिच्या हातची खिचडी खाल्लीय तुम्ही, पातेलं खरवडून खाल्लीय!”

ताईंची नजर परत खिडकीकडं गेली. मला वाटलं, आता हिला लागलं. आता ही उठेल, चप्पल घालेल आणि म्हणेल, चल, आत्ता जाऊ पालिकेत.

“नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो,” त्या म्हणाल्या. “काजळी नाही तर नाही. एकीला सूट दिली की बाकीच्या बोट दाखवतात.”

“मग आम्हाला कशी दिलीत?”

“तुझ्या घरी मी मुलांना नेलंच नाही.” त्यांनी आवाज खाली आणला आणि माझ्या हातावर हात ठेवला. “तेवढं मी तुझ्यासाठी केलं, शालन. तू माझी आहेस.”

असं म्हणून ती बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आभाराची वाट बघत होती हो! माझ्या डोक्यात तिडीक गेली. केसानं गळा कापायचा आणि वर विचारायचं, फार दुखलं नाही ना? एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो, वस्तीला विचारा. पण त्या दिवशी मला एक शिवी सुचली नाही. मी हात काढून घेतला. “तुमची मी नाही,” एवढंच म्हणाले.

तिथून मी सरळ पालिकेत गेले. साहेब डबा खात होता. मी म्हणाले, “हावळ्यांची दुसरी चूल खोटी आहे. आमचं जेवण एकत्र आहे. ती खोली काढा आणि रेणुका धोत्रेला द्या.”

साहेबानं घास हातातच धरला. “खोटी आहे असं तुम्ही स्वतः सांगताय?”

“सांगतेय.”

“मग ती काढतो. पण धोत्रेला देता यायची नाही.”

“का?”

“बाई, कमी करायला माझी सही पुरते. वाढवायला परत पडताळणी लागते. ती संस्था करते.” त्यानं संस्थेचा पत्ताही सांगितला, उजवीकडून दुसरी गल्ली म्हणून. मी नुकतीच तिथूनच आले होते.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं ताट असं आपटलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली. “रांडंनं पोराची खोली घालवली!” त्या पुढं कितीतरी महिने माझ्याशी भांड्यांच्या आवाजातच बोलल्या. दीर तर अजून बोलत नाही. आणि वस्तीत काय म्हणाले माहीत आहे? पकडली गेली म्हणून सोडली. एवढीच किंमत झाली त्या खोलीची.

त्याच दिवशी ऊन उतरायच्या सुमाराला मी रेणुकाकडं गेले. ती गाठोडं बांधत होती. दोन लुगडी, एक पातेलं, नवऱ्याच्या घणाचा दांडा. खाणीवर भाऊ होता, त्याच्या झोपडीत जाणार म्हणाली.

“रेणुका, मी नाही सांगितलं गं.”

“तुमाला दोन खोल्या आल्या, बाई.”

“सोडली मी एक. आत्ताच पालिकेत सांगून आले.”

“मग ती मला मिळाली?”

“नाही.”

तिनं गाठ मारता मारता वर बघितलं. “मग कशापायी सोडली?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. मी उंबऱ्यावर बसले. मला रडू फुटलं. ती रडली नाही आणि मला रडू नका असंही म्हणाली नाही. आपल्या कामाला लागली.

“बाई!”

यल्लू आतून धावत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. कपाळ काळं, झगा काळा, नाकाखाली दोन काळ्या रेघा. तिनं माझा हात धरला आणि मला ओढत आत नेलं.

“बघा की, बाई!”

काकूचा, म्हणजे रेणुकाच्या जावेचा, तवा चुलीपाशी पालथा पडला होता. त्याची पाठ खरवडून खरवडून तिनं चुलीला आतून-बाहेरून काजळी फासली होती. चूल, भिंत, खाली सारवलेली जमीन, सगळं काळंभोर. दुपारपासून पोर त्याच उद्योगाला लागली असणार. आम्ही मोठी माणसं पारावर आणि कचेऱ्यांतून भांडत होतो, आणि चूक कुठं झाली ते तिनं बघून ठेवलं होतं.

“आता हाय काजळी,” ती म्हणाली. “हितं बी हाय, आत बी हाय. ताईस्नी बोलवा. म्हणावं, बोट घालून बघा.”



“तुमी घाला की, बाई.”

मी चुलीत बोट घातलं आणि बाहेर काढलं.

“काळं झालं?”

“झालं गं.”

यल्लूनं टाळी वाजवली, वळली आणि दाराशी पळाली. रेणुका गाठोड्यावर वाकलेली होती. यल्लूनं दोन्ही काळ्या हातांनी ते गाठोडं धरलं आणि आईकडं खेचलं.

“आये, सोड की गाठ आता. मिळालं आपलं घर.”